दोन दिवे आणि एक फ्लोट: टाकीतल्या पाण्याची खबर देणारे साधे सर्किट

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन बारीक दिवे असावेत. गच्चीवरच्या टाकीत पुरेसे पाणी असेल तेव्हा हिरवा पेटावा आणि पाणी पाव टाकीच्या खाली उतरले की हिरवा विझून तांबडा पेटावा, एवढीच आमच्या घरच्यांची मागणी होती. आमचे घर फोंड्याजवळ आहे. नळाचे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते आणि परसात विहीरही आहे. पण पाणी कुठलेही असो, ते शेवटी पंपाने वर चढवावे लागते, आणि टाकीत किती उरले आहे हे पाहायचे तर शिडी लावून झाकण उघडावे लागते. गोव्याच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या शिडीवर चढण्याची हौस कोणालाच नसते.

दोन एलईडी, एक फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वरखाली होऊन चालूबंद होणारा स्विच) आणि एक ॲडॉप्टर यांत हे काम संध्याकाळभरात उरकेल असे मला वाटले होते. दिवा पेटवणे खरोखरच सोपे आहे. अडचण आहे ती अदलाबदलीची. फ्लोट स्विच आपल्याला फक्त एकच गोष्ट सांगतो: त्याच्या दोन तारा आतून जोडलेल्या आहेत किंवा सुटलेल्या आहेत. जोडलेल्या असतील तर प्रवाह वाहील आणि दिवा लागेल, हे समजते. पण तारा सुटल्यावर जिथे काहीच वाहत नाही, तिथे त्या ‘काहीच नाही’मधून दुसरा दिवा पेटवायचा कसा? ‘जोडले असेल तर हा, नाहीतर तो’ या वाक्यातल्या ‘नाहीतर’ची सोय कोणीतरी करावी लागते. ती सोय स्विच करू शकतो, ट्रान्झिस्टर (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालूबंद करणारा भाग) करू शकतो, आणि योग्य निवड केली तर खुद्द एलईडीसुद्धा करू शकतात. हा लेख त्या ‘नाहीतर’विषयी आहे.

आधी एलईडीचा स्वभाव पाहू. साध्या बल्बला विद्युतदाब कमीजास्त दिला की तोही कमीजास्त उजळतो. एलईडी तसा वागत नाही. ठरावीक व्होल्टपर्यंत तो जवळपास प्रवाहच घेत नाही, आणि ती मर्यादा ओलांडली की थोड्याशा वाढीव दाबानेही त्यातून एवढा प्रवाह वाहू लागतो की तो जळून जातो. म्हणून एलईडीला नेहमी एका रेझिस्टरच्या, म्हणजे प्रवाहाला आवर घालणाऱ्या रोधाच्या, मागे बसवायचे. तांबड्या एलईडीवर साधारण २ व्होल्ट खर्च होतात. आजकाल मिळणाऱ्या पाण्यासारख्या स्वच्छ प्लास्टिकच्या, झगझगीत हिरव्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट. पुरवठा १२ व्होल्टचा असेल आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर तांबड्यासाठी रेझिस्टरवर १० व्होल्ट उरतात आणि प्रवाह १० मिलिअॅम्पियर होतो; हिरव्यासाठी ९ व्होल्ट उरतात आणि प्रवाह ९ मिलिअॅम्पियर होतो. अशा दर्शक एलईडीची नेहमीची कमाल मर्यादा २० मिलिअॅम्पियर धरली जाते, तेव्हा आपण तिच्या निम्म्यातच आहोत. रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाणारी शक्ती १० व्होल्ट गुणिले १० मिलिअॅम्पियर, म्हणजे ०.१ वॉट, दुकानात सर्रास मिळणारा पाव वॉटचा रेझिस्टर ती सहज सोसतो. एलईडीचा लांब पाय धन बाजूचा असतो आणि ज्या बाजूला कडा किंचित सपाट केलेली असते तो पाय ऋण बाजूचा. पाय कापून टाकल्यावर ही सपाट कडाच कामाला येते, हे पहिला एलईडी उलटा बसवल्यावर लक्षात राहते.

आता अदलाबदलीचा सर्वांत सरळ मार्ग. दुमजली घरात जिन्याचा दिवा खालून लावून वरून विझवता येतो, त्यासाठी वायरमन जो टू-वे स्विच बसवतो, तो उघडून पाहिला तर त्याला तीन टोके दिसतात. मधले टोक सामाईक असते आणि स्विच इकडे असेल तर ते पहिल्याला, तिकडे असेल तर दुसऱ्याला चिकटते. सामाईक टोकाला रेझिस्टरमधून १२ व्होल्ट द्यायचे, एका बाजूला तांबडा एलईडी, दुसऱ्या बाजूला हिरवा, आणि दोघांचे ऋण पाय एकत्र करून ॲडॉप्टरच्या ऋण तारेला. झाले सर्किट. दोन्ही दिवे एका वेळी कधीच लागत नसल्याने दोघांत मिळून एकच रेझिस्टर पुरतो. इथे ‘नाहीतर’ची सोय पितळेच्या एका पट्टीने केलेली आहे, आणि याहून विश्वासू सोय मिळणे कठीण. पंपाच्या दुकानात मिळणाऱ्या, केबलच्या टोकाला लोंबकळणाऱ्या फुगीर फ्लोटमध्येही बऱ्याचदा अशाच तीन तारा असतात. फ्लोट वर तरंगला की सामाईक तार एकीला जोडली जाते, खाली लोंबला की दुसरीला. तारांचे रंग बनावटीप्रमाणे बदलतात, म्हणून रंगावर विसंबून न राहता मल्टिमीटरने (तारा जोडलेल्या आहेत का आणि दाब किती आहे हे दाखवणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावे. एक बारीक खोड मात्र या फ्लोटला असते. त्याचे संपर्क पंपाचा जड प्रवाह तोडण्याजोडण्यासाठी बनवलेले असतात, आणि प्रवाह जड असला की तोडजोडीच्या वेळी उडणारी बारीक ठिणगीच संपर्कावरचा गंज जाळून टाकते. काही मिलिअॅम्पियरच्या किरकोळ प्रवाहाला ते जमत नाही, त्यामुळे खाऱ्या हवेत असा संपर्क कधी कधी लहरीपणा करतो. म्हणूनच मी ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरऐवजी १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घेतला आणि प्रवाह १० मिलिअॅम्पियरच्या आसपास ठेवला.

पण माझ्याकडे आलेला फ्लोट तीन तारांचा नव्हता. तो बोटभर लांबीचा, दोन तारांचा, छोटा फ्लोट होता. त्याच्या दांड्याच्या आत काचेची नळी असते, नळीत दोन नाजूक धातूच्या पट्ट्या असतात, आणि दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या फुग्यात लोहचुंबक असतो. चुंबक नळीसमोर आला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. यात सामाईक टोक वगैरे काही नाही. टाकीच्या झाकणातून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप खाली सोडून त्याच्या टोकाला, तळापासून पाव उंचीवर, हा फ्लोट बसवला आणि दोन तारांची केबल स्वयंपाकघरापर्यंत आणली. केबल लांब झाली म्हणून दिवे मंद होतील अशी शंका काहींना येते, पण ०.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा २० मीटर जाऊन २० मीटर परत येण्यात होणारा रोध दीड-दोन ओहमच्या आत असतो, आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरपुढे त्याची गणतीच नाही.

दोन तारांच्या या फ्लोटने दोन दिवे बदलण्याची एक युक्ती आहे, आणि ती मला आजही फार आवडते. १२ व्होल्ट, मग १ किलोओहमचा रेझिस्टर, मग हिरवा एलईडी, मग ऋण तार. एवढे कायमचे जोडून ठेवायचे. हिरवा सतत पेटलेला राहील आणि रेझिस्टर जिथे हिरव्याला मिळतो त्या बिंदूवर ३ व्होल्ट दिसतील. आता त्याच बिंदूपासून ऋण तारेपर्यंत दुसरी वाट काढायची: तांबडा एलईडी आणि त्याच्या मागोमाग फ्लोटचा संपर्क. संपर्क सुटलेला असताना ही वाट बंद आहे. संपर्क जुळला की तांबड्याला प्रवाह मिळतो, आणि तांबडा २ व्होल्टांवरच तृप्त होत असल्याने तो त्या बिंदूचा दाब ३ वरून २ व्होल्टांवर ओढून खाली आणतो. २ व्होल्टांत हिरव्याचे काहीच भागत नाही, तो विझतो. कोणी त्याला बंद केलेले नसते, त्याच्या ताटातले पाणी शेजाऱ्याने उतारावर ओढून नेलेले असते. एक रेझिस्टर, दोन एलईडी, दोन तारांचा संपर्क, आणि अदलाबदल पूर्ण.

ही युक्ती चालते ती दोन रंगांच्या व्होल्टांत जवळपास १ व्होल्टचा फरक आहे म्हणून, आणि त्या फरकामागे इतिहास आहे. निक होलोनयाक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी बनवला, त्यानंतर बराच काळ हिरवे एलईडी गॅलियम फॉस्फाइडपासून बनत. ते पिवळसर हिरवे, मंद, आणि सुमारे २.१ व्होल्टांवर पेटणारे असत. गॅलियम नायट्राइडच्या कुळातले पदार्थ वापरून निळा एलईडी साध्य झाला, ज्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा त्याच कुळातून आजचा झगझगीत हिरवाही आला, आणि तो साधारण ३ व्होल्ट मागतो. व्यवहारात याचा अर्थ असा की जुन्या पद्धतीचा, रंगीत दुधी प्लास्टिकचा हिरवा एलईडी वापरला तर तांबडा पेटूनही हिरवा पुरता विझणार नाही, कारण २ आणि २.१ यांत ओढाताण करण्याएवढे अंतरच नाही. कुठला एलईडी कुठल्या जातीचा हे बघून कळत नसेल तर प्रत्येकाला १ किलोओहममधून १२ व्होल्टांवर पेटवून त्याच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावावा. दोन मिनिटांचे काम आहे आणि पुढचा बराच मनस्ताप वाचवते.

माझे सर्किट तयार झाले, फ्लोट खाली उतरला की संपर्क जुळत होता, तांबडा पेटत होता, वर गेला की हिरवा. पेटीला छान झाकण लावले. उन्हाळा निघाला, पावसाळा आला, आणि चतुर्थीच्या दिवशी घरात पंधरा-वीस माणसे असताना, माटोळीखाली (फळाफुलांनी सजवलेल्या लाकडी चौकटीखाली) गणपतीची पूजा चालू असताना, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, “भावजी, तुमचा हिरवा दिवा पेटलाय आणि नळाला थेंब नाही.”

टाकी कोरडी होती. गच्चीवर फ्लोटची तार केबलला जिथे जोडली होती, तिथे मी नुसता पीळ घालून चिकटपट्टी गुंडाळली होती. अडीच महिन्यांच्या पावसाने त्या पिळाचे हिरवट चूर्ण करून टाकले होते आणि तार सुटली होती. सुटलेली तार आणि सुटलेला संपर्क यांत सर्किटला फरक कळत नाही. माझ्या सर्किटमध्ये ‘सुटले आहे’ याचा अर्थ ‘पाणी आहे’ असा ठरवलेला असल्याने तार तुटल्या क्षणापासून ते बिचारे इमानाने हिरवा दिवा दाखवत राहिले. चूक जोडाची होती, पण त्याहून मोठी चूक माझ्या मांडणीची होती. दिवा पेटतो आहे की नाही एवढेच मी पाहिले होते. काही बिघडले तर कुठला दिवा पेटेल, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

दोन दिव्यांचे कुठलेही सर्किट आखताना, माझ्या मते, हाच प्रश्न कागदावर पहिला लिहावा. आपल्या दोन दिव्यांपैकी कुठल्याचे खोटे बोलणे अधिक महाग पडेल? टाकीच्या बाबतीत उत्तर उघड आहे. तांबडा खोटेच पेटला तर माणूस कुरकुरत शिडी चढून पाहील आणि बिघाड सापडेल. हिरवा खोटेच पेटला तर कोणी वर जाणारच नाही. म्हणून हिरव्याने आपल्या पेटण्याचे कारण द्यावे लागले पाहिजे: तार शाबूत आहे, संपर्क जुळलेला आहे, पाणी आहे, तरच तो पेटेल. बाकी सर्व परिस्थितीत तांबडा. म्हणजे आता मला ‘सुटले’ याचा अर्थ ‘पाणी नाही’ असा हवा होता.

यातला अर्धा भाग फुकटात झाला. या छोट्या फ्लोटच्या दांड्याच्या टोकाला एक अटकाव-कडी असते. ती काढून फुगा उलटा करून पुन्हा घातला की चुंबकाची जागा बदलते आणि संपर्काचा अर्थ उलटतो. सगळ्याच फ्लोटांत हे जमते असे नाही, पण बहुतेक साध्या फ्लोटांत जमते. आता पाणी वर असताना संपर्क जुळतो, खाली गेले की सुटतो. उरलेला अर्धा भाग मात्र डोके खाणारा होता. ओढून घेण्याच्या युक्तीत फ्लोटच्या मागे बसणारा दिवा कमी व्होल्टांचा असावा लागतो, आणि मला आता फ्लोटच्या मागे हिरवा हवा होता, जो ३ व्होल्टांचा, म्हणजे जास्तीचा आहे. नुसती जागा बदलली तर तांबडा सतत २ व्होल्टांवर ठाण मांडून बसणार आणि हिरव्याला कधीच वाव मिळणार नाही.

उपाय निघाला तो तांबड्याला महाग करण्याचा. १एन४१४८ हा काचेचा इवलासा डायोड एका दिशेने प्रवाह जाऊ देताना स्वतःवर साधारण ०.७ व्होल्ट खर्च करतो. असे तीन डायोड तांबड्याच्या ओळीत, त्याच्याच दिशेने, एकामागून एक बसवले की त्या वाटेला २ अधिक २.१, म्हणजे सुमारे ४.१ व्होल्ट लागू लागतात. आता हिरवा स्वस्त ठरला. पाणी आहे, संपर्क जुळलेला आहे, तोवर हिरवा तो बिंदू ३ व्होल्टांवर खेचून ठेवतो आणि ४.१ मागणारा तांबडा उपाशी राहतो. संपर्क सुटला, मग तो पाण्यामुळे असो वा तार तुटल्यामुळे, की हिरव्याची वाट बंद होते, बिंदूचा दाब चढतो आणि तांबडा पेटतो. प्रवाहाचा हिशेब पुन्हा करून पाहावा: तांबड्यासाठी १२ वजा ४.१, म्हणजे ७.९ व्होल्ट १ किलोओहमवर, जवळपास ८ मिलिअॅम्पियर. हिरव्यासाठी पूर्वीसारखेच ९. दोन्ही दिवे दिवसाउजेडी दिसतात. (इथे ५ व्होल्टचा चार्जर चालणार नाही, कारण ५ मधून ४.१ वजा जाता रेझिस्टरसाठी जेमतेम ०.९ व्होल्ट उरतो आणि डायोड किंवा एलईडी थोडासा जरी वेगळा निघाला तरी उजेड निम्म्यावर येतो.) डायोडच्या अंगावर काळी पट्टी असते, पट्टीची बाजू प्रवाह बाहेर पडण्याची, म्हणजे ऋण बाजू. तिन्ही पट्ट्या एकाच दिशेला हव्यात. एक जरी उलटा बसला तर तांबडा कधीच पेटणार नाही.

या सर्किटमध्ये काय काय बिघडू शकते आणि तेव्हा काय दिसते, हे मी एका पावसाळी दुपारी मुद्दाम एकेक तार सोडवून पाहिले. फ्लोटची तार तुटली तर तांबडा. हिरवा एलईडी जळून आतून तुटला, तर पाणी असूनही तांबडा, कारण हिरव्याची वाट तुटली म्हणजे ओढणारे कोणी राहिलेच नाही. तांबडा एलईडी किंवा त्याच्या ओळीतला एखादा डायोड तुटला, तर पाणी असताना हिरवा नेहमीप्रमाणे पेटतो आणि पाणी संपल्यावर दोन्ही दिवे विझतात. ॲडॉप्टर बंद पडला तरी दोन्ही विझतात. दोन्ही दिवे विझलेले दिसणे ही या जोडीने आयतीच दिलेली तिसरी खूण आहे. एकच दिवा ठेवला असता, ‘पेटला म्हणजे पाणी नाही’ असा, तर ही खूण मिळाली नसती. म्हणून दोन दिव्यांचा खटाटोप करायचा. तारांचा एकच बिघाड अजून हिरवा खोटा पेटवू शकतो: केबलच्या दोन तारा एकमेकींना चिकटणे. उंदराने केबल कुरतडली तर ते होऊ शकते. दोन तारांत त्यावर सोपा उपाय नाही, आणि मी तो शोधत बसलो नाही.

ओल शिरली की मात्र हे सर्किट एक मजेदार गोष्ट करते. जोडात पाणी साचले तर तारा पूर्ण चिकटत नाहीत, पण त्यांच्यात काही किलोओहमची गळती सुरू होते. अशा वेळी तांबडा ठळक पेटलेला असतो आणि हिरवाही काजव्यासारखा मिणमिणतो, कारण आजचे हिरवे एलईडी मिलिअॅम्पियरच्या दहाव्या हिश्श्यावरही डोळ्यांना जाणवतात. आमच्याकडे घरात सगळ्यांना आता हे ठाऊक आहे की दोन्ही दिवे एकत्र दिसले म्हणजे गच्चीवरचा जोड ओला आहे.

दोन रंगांच्या व्होल्टांतल्या फरकावर विसंबायचे नसेल, तर ‘नाहीतर’चे काम ट्रान्झिस्टरकडे सोपवावे. बीसी५४७ हा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. त्याची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. तांबडा एलईडी १ किलोओहममधून १२ व्होल्टांना कायमचा जोडावा. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर तांबड्याच्या धन पायाला आणि एमिटर ऋण तारेला जोडावा, म्हणजे ट्रान्झिस्टर तांबड्याच्या शेजारी आडवाटेसारखा उभा राहतो. फ्लोटच्या एका तारेला १२ व्होल्ट द्यावेत. दुसऱ्या तारेपासून दोन फाटे काढावेत, एक १ किलोओहम आणि हिरव्या एलईडीमधून ऋण तारेकडे, दुसरा १० किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसकडे. शेवटी बेस आणि एमिटर यांच्यामध्ये आणखी एक १० किलोओहम.

फ्लोट जुळला की हिरवा सरळच पेटतो. त्याच वेळी बेसला सुमारे १ मिलिअॅम्पियर मिळतो, ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो आणि तांबड्याच्या वाट्याचे सारे १२ मिलिअॅम्पियर आपल्या अंगावरून वाहून नेतो. तांबड्याच्या दोन पायांत मग ०.२ व्होल्टही उरत नाही आणि तो विझतो. फ्लोट सुटला की बेस उपाशी, ट्रान्झिस्टर बंद, तांबडा चालू. दुसऱ्या १० किलोओहमचे काम लहान वाटते, पण माझ्या लेखी या सर्किटमधला सर्वांत शहाणा भाग तोच आहे. ओल्या जोडातून झिरपणारा किरकोळ प्रवाह तो गुपचूप ऋण तारेकडे काढून देतो आणि बेसवर ०.७ व्होल्ट साचू देत नाही. हिशेब केला तर गळती साधारण दीडशे किलोओहमपर्यंत खाली येईतो ट्रान्झिस्टर जागा होत नाही, आणि तोवर हिरवाही मिणमिणत नाही. या पद्धतीचा एक दोष असा की तांबडा विझलेला असतानाही त्याच्या रेझिस्टरमधून प्रवाह वाहतच राहतो आणि वाया जातो. भिंतीवरच्या ॲडॉप्टरला त्याचे काही नाही. बॅटरीवर चालवायचे असेल तर ही रचना घेऊ नये.

हीच मांडणी टाकीखेरीजही उपयोगी पडते. वीज विद्युत खात्याची चालू आहे की घर इन्व्हर्टरवर आहे, हे दाखवणारे दोन दिवे शेजाऱ्यांना हवे होते. तिथे रिले, म्हणजे कॉइलमध्ये प्रवाह आला की चुंबकाने ओढला जाणारा स्विच, सर्वांत सोपा. इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगात १२ व्होल्टचा एक ॲडॉप्टर लावून त्याने रिलेच्या कॉइलला दाब द्यायचा; अशा छोट्या रिलेची १२ व्होल्टची कॉइल ३० मिलिअॅम्पियरच्या आसपास घेते. दिव्यांचा ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या प्लगात, आणि रिलेचे तीन संपर्क म्हणजे पुन्हा तोच जिन्याचा टू-वे स्विच. कॉइल ओढलेली असताना हिरवा, सुटल्यावर तांबडा, म्हणजे कॉइलची तार तुटली तरी इशाराच मिळतो. २३० व्होल्टांना यात कुठेही हात लावावा लागत नाही, आणि लावूही नये. घरची वायरिंग उघडायची ती वायरमननेच.

बांधणीविषयी थोडेसे. हे सारे सुटे भाग छिद्रांच्या छोट्या पट्टीवर डागण्याने (सोल्डर करून) बसवावेत. आमच्याकडच्या दमट हवेत नुसते भाग खोचून जोडायच्या ब्रेडबोर्डचे संपर्क एका पावसाळ्यातच सैल पडतात. गच्चीवरचा जोड डागावा, त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि जोड पेटीत ठेवताना केबल पेटीच्या खालच्या बाजूने आत घ्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पेटीत न शिरता बाहेरच ठिबकते. हिरवा एलईडी तांबड्यापेक्षा डोळ्यांना फार प्रखर वाटत असेल तर फक्त हिरव्याच्या वाटेत आणखी १ किलोओहम घालावा, पण तो ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये. तीन डायोडांच्या सर्किटमध्ये असे केले तर हिरव्याची वाटही महाग होते आणि ओढाताणीचा सारा हिशेब बिघडतो. तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखणे काही जणांना जड जाते, म्हणून वाहतुकीच्या सिग्नलप्रमाणे तांबडा वर आणि हिरवा खाली ठेवावा आणि शेजारी ‘पाणी कमी’, ‘पाणी आहे’ असे स्पष्ट लिहावे. जूनच्या सुरुवातीला गडगडाट होऊ लागला की गच्चीवरून येणारी केबल आणि ॲडॉप्टर दोन्ही काढून ठेवलेले बरे.

आणि पेटीचे झाकण लावण्याआधी, टाकी भरलेली असताना, हिरवा दिवा पेटलेला असताना, गच्चीकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एकीचा स्क्रू सैल करून ती हाताने सोडवावी. हिरवा विझून तांबडा पेटला तर तार परत लावावी आणि मगच झाकणाचे स्क्रू आवळावेत.